नळीवरची खूण



जुन्या संहितांच्या संपादनावर बोलायला मला बोलावले आहे आणि मी सुरुवात तंबाखूच्या पाइपपासून करणार आहे. विद्यार्थ्यांना हसू येईल; येऊ द्या.

माझे आजोबा इथल्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत कारकून होते. घरात सगळे तंबाखू-चुना मळणारे. पाइप एकच, तोही एका साहेबाने जाताना दिलेला. नळीच्या टोकावर दातांचे खळगे आहेत, ते त्या साहेबाचे. माझ्या हाती आला तेव्हा ती काळी नळी हिरवट-तपकिरी झाली होती.

नळी कडक रबराची असते. रबरात भरपूर गंधक घालून तापवले की व्हल्कनाइट तयार होते. ऊन, हवा आणि ओल यांनी त्याचा रंग उतरतो, चवही कडवट होते. म्हणजे तो मळ बाहेरून बसलेला नसतो, नळीचीच कातडी बदललेली असते. पुसून जात नाही, घासावी लागते. कारखान्याचा शिक्का मात्र त्याच कातडीत उमटवलेला, केसभर खोल. मी घाईने पॉलिश पेपर चालवला. तासाभरात नळी काळीभोर झाली आणि शिक्क्याच्या चार अक्षरांपैकी दोनच उरली.

रीत नंतर कळली. आधी शिक्क्यावर चिकटपट्टी लावायची. बाकीच्या भागावर पाण्यात भिजवलेला पेपर, चारशे नंबरपासून दोन हजारापर्यंत, हलक्या हाताने. शिक्क्याजवळ फक्त कापूस आणि तेलाचा थेंब. दातांचे खळगे ऊब दिली की वर येतात, कारण हे रबर आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते. पण शिक्काही दाबूनच उमटवलेला. त्याच उबेने तोही वर येऊ शकतो. म्हणून साहेबाचे दात मी तसेच ठेवले आहेत.

आपल्या जिल्ह्यात सापडलेला वाकाटक राजा दुसरा पृथ्वीषेण याचा ताम्रपट असाच. वंशावळ येते आणि दानाचा तपशील येण्याआधीच लेख थांबतो. आधी कीलहॉर्न आणि पुढे वा. वि. मिराशी यांनी तो जिथे थांबतो तिथेच थांबू दिला. पुढचे वाक्य काय असणार, हे त्या दोघांपेक्षा चांगले कोण सांगू शकले असते?

आम्ही शिक्षक एवढे थांबत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आजीच्या पोवारी गाण्यांची वही उतरवून आणली. ऱ्हस्व-दीर्घ नीट, क्रियापदे प्रमाण मराठीची, खाडाखोड गाळलेली. मी तिला वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले. मूळ वही पाहायला मागितली नाही. पुढे घर पाडताना ती गेली. माझ्याकडे आहे ती शुद्ध प्रत. तिच्यात आजी कशी बोलत होती हे एकाही ओळीतून कळत नाही. त्या मुलीचा दोष नाही. घासायला मीच शिकवले होते.

तेव्हा ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी नक्कल करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढावा. डाग, खाडाखोड, समासातला किराण्याचा हिशेब, सगळ्यासकट. कुणी सोबत वही आणली असेल तर मी उद्या दुपारपर्यंत इथेच आहे.