रिटर्न भरलं म्हणून पेन्शन जात नाही

तेल्हारा तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कर्जासाठी बँकेनं रिटर्न मागितलं. ते भरलं तर अटल पेन्शनचं खातं बंद होते काय?" भीतीपोटी कुणी खातं बंद करायला निघाली असेल, तर आधी नियम ऐका.

अटल पेन्शन योजना २०१५ साली सुरू झाली. १८ ते ४० वयात नाव नोंदवायचं, साठीनंतर दरमहा १ ते ५ हजार रुपये पेन्शन मिळते. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर देणाऱ्यांना यात नव्यानं नाव घालता येत नाही. त्या दिवसापासून कुणी नाव घातलं आणि अर्जाच्या दिवशी किंवा त्याआधी ती आयकरदाती होती असं निघालं, तर खातं बंद करून जमा रक्कम परत देतात. तुमचं खातं त्या तारखेच्या आधीचं असेल, तर हा नियम तुम्हाला लागत नाही.

आता आयकरदाती म्हणजे कोण? कायद्यानं जिला कर देणं लागतो ती. नुसतं रिटर्न भरल्यानं कुणी आयकरदाती होत नाही. शिलाई, पापड, किराणा यांचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल, तर रिटर्नमध्ये कर शून्य निघतो. कापूस-तुरीच्या शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. आणि नवरा कर भरतो म्हणून बायको करदाती ठरत नाही. हिशेब ज्याचा त्याचा.

पेन्शनचा हप्ता रिटर्नमध्ये कुठे दाखवायचा? तिसाव्या वर्षी ५ हजारांच्या पेन्शनसाठी महिन्याला ५७७ रुपये, म्हणजे वर्षाला ६,९२४ रुपये जातात. जुन्या करपद्धतीत एकूण दीड लाखाच्या मर्यादेत ही रक्कम उत्पन्नातून वजा होते. नव्या पद्धतीत होत नाही. तुमच्या खात्याची वजावट नवऱ्याच्या रिटर्नमध्ये मागता येत नाही. साठीनंतर हाती येणारी पेन्शन मात्र उत्पन्न म्हणून दाखवावी लागते.

रिटर्न भरून देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: कोणती पद्धत निवडली, आणि कर किती निघाला. पावतीची प्रत पासबुकासोबत जपून ठेवा. पेन्शन खातं उघडल्याची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला दोन्ही कागद घेऊन या, मिळून पाहू. तोवर कुणीही खातं बंद करू नका.