मल्लखांबाचा परदेशप्रवास आणि गावची तालीम

(शिरगाव, तालुका मावळ येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मसुदा)



पवनेच्या खोऱ्यातील शिरगावपासून लोणावळा फार दूर नाही. त्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगाभ्यासाला प्रयोगशाळेची जोड दिली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठातून कोवूर बेहानन हे संशोधक तेथे अभ्यासासाठी आले. ही कीर्ती मावळात सर्वांना ठाऊक आहे. परंतु कुवलयानंदांची पहिली घडण आखाड्यात झाली, हे क्वचितच सांगितले जाते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली ते १९०७ पासून काही वर्षे शिकले. जगाने ज्या संस्थेची दखल घेतली, तिच्या मुळाशी एक तालीम होती.

आपली विद्या घेऊन परदेशी जाण्याची परंपराही महाराष्ट्रात नवी नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि तेथे हुतूतूसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने केली. परतंत्र देशातील तरुणांनी आपल्या मातीतील खेळ जगापुढे मांडले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तथापि प्रात्यक्षिक दाखविणे वेगळे आणि विद्या शिकविणे वेगळे. प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात. शिकविलेली विद्या मागे उरते. या बाबतीत जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान ही ज्यूदोची शाळा काढली. डावांचा क्रम लावला, शिष्यांच्या पायऱ्या ठरविल्या, स्वतः अनेक देशांत प्रवास केला आणि शिष्यांनाही पाठविले. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा समावेश झाला. आजही कोणत्याही देशातील ज्यूदोगीर डावांची नावे जपानीतच घेतो. विद्या परदेशी गेली, परंतु तिचे कूळ हरवले नाही.

मल्लखांब ही मुळात मल्लांच्या सरावाची विद्या. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी तिला नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. मुंबईच्या शिवाजी पार्क येथील श्री समर्थ व्यायाम मंदिराने ही विद्या देशोदेशी नेण्याचे काम केले आहे. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अनेक देशांत जाऊन शिबिरे घेतली. परदेशी विद्यार्थीही त्यांच्याकडे शिकावयास आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तीत पंधरा देशांचे खेळाडू उतरले. २०२४ साली देशपांडे यांना पद्मश्री जाहीर झाली.

परदेशी शिकविणाऱ्याला स्वतःलाही शिकावे लागते. येथे मूल लहानपणापासून पाहत पाहत अढी आणि तेढी उचलते. बगली, दसरंग, फिरकी ही नावे त्याच्या कानावरून गेलेली असतात. तेथे समोर प्रौढ माणूस असतो, भाषा वेगळी असते आणि तो प्रत्येक पकडीचे कारण विचारतो. ‘उस्तादांनी असेच सांगितले’ हे उत्तर तेथे पुरत नाही. मग भार कोणत्या स्नायूवर येतो, पकड सुटली तर कसे पडावे, खाली गादी किती असावी, याचा विचार नव्याने करावा लागतो. तेथील कसरतपटूंची व मल्लांची सरावाची रीतही पाहता येते. असा शिक्षक परत येतो तेव्हा त्याचे घरचे शिकवणेही सुधारते. परदेशप्रवासाची खरी मिळकत ही आहे.

मात्र या मिळकतीला घरी जागा हवी. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. पुढे खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांतही हा खेळ आला. ज्या भूमीत ही विद्या वाढली, तेथील गावोगावच्या तालमींची स्थिती काय आहे, हा प्रश्न प्रत्येक पंचायतीने स्वतःस विचारावयाचा आहे. जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो. उरलेले वर्षभर तालमीचे दार बंद असेल, तर परदेशातील कौतुकाचा गावाला उपयोग काय?

येथे मोठ्या खर्चाचा प्रश्न नाही. सागवानी किंवा शिसवी खांब, एरंडेल, खाली गादी, दोरीच्या मल्लखांबासाठी सुती दोर आणि मुख्य म्हणजे रीतसर शिकलेला शिक्षक, एवढ्यावर आरंभ होतो. शाळेच्या पटांगणात खांब उभा राहिला तर मुलींनाही तेथे निःसंकोच येता येईल. समर्थ व्यायाम मंदिराने दृष्टिहीन मुलांनाही हा खेळ शिकविला आहे. तेव्हा अमक्याला जमणार नाही असे आधीच ठरवू नये. शिक्षकांनी शिकविण्याचा क्रम लिहून ठेवावा, म्हणजे एक शिक्षक बदलून गेला तरी वर्ग मोडणार नाही.

उद्या एखादा परदेशी विद्यार्थी या विद्येचे मूळ शोधीत मावळात आला, तर त्याला केवळ जुन्या आठवणी ऐकवाव्या लागू नयेत. खांबावर चढणारी गावची मुले त्याला दिसावीत. ती तशी दिसतील, ही जबाबदारी गावाची आहे.