बाहेरची वाट दाखविणारा दिवा



सभागृहाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की रंगमंच, ध्वनिक्षेपक आणि खुर्च्या यांचीच चर्चा रंगते. दारावरील ‘एक्झिट’च्या पाटीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या उपेक्षित पाटीविषयी आज आपण विचार करू.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली आणि ५९ जण मृत्युमुखी पडले. बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला. बाल्कनीतील जादा खुर्च्यांनी वाट अडविली होती आणि अंधारात मार्ग दाखविणारे दिवे नव्हते. पाटीचे मोल कळण्यास याहून वेगळा दाखला नको.

अशी पाटी अहोरात्र, म्हणजे वर्षाचे ८,७६० तास, तेवत ठेवावयाची, तर विजेचा हिशेब मांडावाच लागतो. २० वॅटचे दोन साधे बल्ब असलेली जुन्या धर्तीची पाटी वर्षाला सुमारे ३५० युनिटे वीज घेते. ३ वॅटची एलईडी पाटी तेच काम सुमारे २६ युनिटांत करते. दहा दारांमागे ही बचत वर्षाला ३,२०० युनिटांहून अधिक होते. तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत दवडतो; उरलेल्या प्रकाशातील बराचसा भाग हिरव्या काचेत अडतो. एलईडी मुळातच हिरवा प्रकाश देतो. शिवाय तो वर्षानुवर्षे टिकतो. शिडी लावून वारंवार बल्ब बदलण्याची यातायात वाचते.

परंतु खरा लाभ निराळाच आहे. वीज खंडित झाल्यावर पाटी बॅटरीवर चालते. जी बॅटरी ४० वॅटला अर्धा तास पुरेल, तीच ३ वॅटला सहा तासांहून अधिक पुरेल. येथे काटकसर आणि सुरक्षितता एकमेकींच्या आड येत नाहीत.

विजेवाचून चमकणाऱ्या पाट्याही मिळतात. मात्र त्या आधी पडलेल्या प्रकाशावर जगतात. नाट्यप्रयोगासाठी दिवे दीर्घकाळ मालविले, तर त्या मंदावत जातात. उजळलेल्या जिन्यात त्या शोभतात. नाट्यगृहात त्यांच्यावर विसंबू नये.

आमच्यासारख्या परप्रांतस्थ मंडळांपुढे लिपीचाही प्रश्न असतो. गणेशोत्सवास गावाकडून आलेल्या आजींना येथील लिपी वाचता येईलच असे नाही. म्हणून जपानमध्ये घडलेले व पुढे जगभर मान्य झालेले, दारातून धावत्या माणसाचे हिरवे चित्र पाटीवर असावे. चित्राला लिपी लागत नाही.

खरेदी करताना वॅट, बॅटरीचा अवधी आणि चाचणीचे बटण या तीन गोष्टी पाहाव्यात. ते बटण महिन्यातून एकदा दाबण्याचे काम एका सभासदाकडे नेमून द्यावे, आणि त्या दारापुढे खुर्च्यांची चळत कधीही रचू नये, एवढी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.