हाँगकाँग बंदरातला दुभाष्या

श्रोतेहो, कोतवालाला गावाची भाषा येत नसेल तर चोर कोण आणि साव कोण, हे त्याने ओळखायचे कसे? हा प्रश्न चीनच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका सरकारपुढे खरोखरच उभा राहिला होता. त्याची हकीकत आज सांगणार आहे.

१८४१ च्या जानेवारीत इंग्रजांनी हाँगकाँग बेटावर आपले निशाण रोवले आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने ते कायमचे पदरात पाडून घेतले. बेट खडकाळ, पण बंदर मोठे नामी. खोल पाणी, वाऱ्याला चहूकडून आडोसा. बंदर खुले ठेवले, म्हणजे मालावर जकात नाही. त्या मालात मुख्य माल कोणता, तर अफू! माळव्यात पिकणारी अफू मुंबईच्या धक्क्यावरून जहाजात चढे आणि इथे उतरे. चीनच्या कायद्याने ती आणणे १८५८ पर्यंत गुन्हा होता. हाँगकाँगात मात्र तिचा व्यापार राजरोस चाले. तेव्हा ज्या बंदरात चोरी पकडायला पोलीस नेमले, त्याच बंदराची भरभराट बरीचशी चोरट्या मालावर झाली होती, हे आपण आधी लक्षात ठेवू.

खाडीत शेकडो चिनी गलबते नांगरलेली असत. त्यांतले कोळ्याचे कोणते आणि चाच्याचे कोणते, हे नुसते पाहून कळत नसे. चाच्यांच्या भीतीने साधा व्यापारीदेखील गलबतावर तोफा ठेवी. पोलीस म्हणाल तर सुटलेले सोल्जर आणि खलाशी. पगार थोडा, दारू फार. १८४५ साली लंडनहून चार्ल्स मे नावाचा अधिकारी आणून शिस्त लावण्याचा यत्न झाला. पुढे मुंबईकडचे शिपाई नेले, १८६७ पासून शीख आले. सोपा उपाय एकच सुचला: रात्री बाहेर पडणाऱ्या चिनी माणसाने हातात कंदील आणि जवळ परवाना बाळगावा. गोऱ्याला कंदील नको! हा नियम १८९७ पर्यंत टिकला.

या साऱ्या कारभारात चिनी भाषा अस्खलित बोलणारा गोरा अंमलदार जवळजवळ एकच होता. त्याचे नाव डॅनियल कॉल्डवेल. बायको चिनी, बाजारात ओळखी, आरमाराबरोबर चाच्यांच्या पाठलागावर जाणारा. न्यायालयात साक्षीदार बोले ते न्यायाधीशाला कळे कॉल्डवेलच्या तोंडून. सरकारने त्याला रजिस्ट्रार जनरल आणि 'चिनी लोकांचा पालक' केले.

कॉल्डवेलला बातम्या पुरवणारा खबऱ्या होता मा चाऊ वाँग. अमुक गलबत चाच्यांचे आहे, असे त्याने सांगावे आणि आरमाराने ते पकडावे. पण १८५७ साली हा वाँगच चाच्यांशी संगनमत केल्याबद्दल दोषी ठरला. त्याला पंधरा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बोर्निओजवळच्या लाबुआन बेटावर पाठवायचे ठरले. कॉल्डवेलने त्याच्या माफीसाठी खटपट केली. आता विचार करा, अशा माणसाच्या बोटाने दाखवलेली किती गलबते खरोखर चाच्यांची असतील, आणि किती केवळ त्याच्या वैऱ्यांची? पकडलेल्यांना तर आपली बाजू कॉल्डवेलवाचून मांडताही येत नव्हती.

हे बोलून दाखवले अॅटर्नी जनरल टॉमस चिझम अँस्टी याने. माणूस बुद्धिमान, पण कमालीचा भांडखोर. त्याच्या जिभेने मित्रही शत्रू होत. १८५८ साली चौकशीमंडळ बसले. काही आरोप शाबीत झाले, तरी कॉल्डवेलला काढण्याइतके ते गंभीर नाहीत, असा निकाल आला. निलंबित झाला तो अँस्टी! वाँगकडे सापडलेली कागदपत्रे मात्र तोवर जाळून टाकलेली होती. त्याबद्दल एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर ठपका ठेवणाऱ्या 'फ्रेंड ऑफ चायना' पत्राच्या संपादकावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, पण ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. माझ्या मते साऱ्या प्रकरणात सामान्य माणसाची शहाणी बुद्धी दिसली ती याच एका ठिकाणी.

गव्हर्नर बदलला. सर हर्क्युलिस रॉबिन्सन यांच्या कारकीर्दीत पुन्हा चौकशी झाली आणि १८६१ साली कॉल्डवेल बडतर्फ झाला. तरी त्याचे ज्ञान वाया गेले नाही. १८६७ पासून काही वर्षे सरकारने जुगाराच्या अड्ड्यांना परवाने दिले, तेव्हा ठेकेदारांनी सल्ल्याला ठेवला तो कॉल्डवेलच.

आणि अँस्टी? तो आला आपल्या मुंबईला, वकिली करायला. १८६२ साली गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात समाजसुधारक करसनदास मूळजी यांच्या बाजूने उभा राहिलेला बॅरिस्टर तो हाच. करसनदास तो खटला जिंकले. अँस्टी १८७३ साली मुंबईतच वारला.