जॉन ब्राऊनला वेडा कोणी ठरवले?
(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या मुक्तीसाठी फाशी गेलेल्या जॉन ब्राऊनबद्दल आज बोलायचे आहे. खरे म्हणजे, त्याच्याबद्दल इतिहासकार काय लिहीत आले याबद्दल.

घटना थोडक्यात सांगतो. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री, वयाच्या ५९ व्या वर्षी, या गोऱ्या माणसाने २१ साथीदारांच्या बळावर व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागार ताब्यात घेतले. गुलामांना हत्यारे देऊन मुक्त करायचे, हा बेत. तारा तोडल्या, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची गाडी अडवली. पहाटे ती सोडून दिली आणि गार्डने पुढे जाऊन तारेने वर्दी दिली. १८ तारखेला ब्राऊन जखमी अवस्थेत पकडला गेला. त्याचे दोन मुलगे या लढाईत गेले. २ डिसेंबरला त्याला फाशी झाली.

खटल्यात त्याच्या वकिलाने एक तार वाचून दाखवली. ब्राऊनच्या घराण्यात वेड आहे, असे तिच्यात होते. ब्राऊनने भर कोर्टात हा बचाव नाकारला. पुढे नातेवाइकांनी आणि ओळखीच्यांनी तशीच शपथपत्रे गव्हर्नर वाइज यांच्याकडे पाठवली. हेतू एकच : फाशी टळावी. पण ब्राऊनशी समोरासमोर बोललेल्या वाइज यांनी, म्हणजे त्याच्या शत्रूनेच, हा माणूस वेडा नाही, असे जाहीर सांगितले होते.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे ४० लाख माणसे मुक्त झाली. परंतु पुढे दक्षिणेत काळ्यांचे मताधिकार हिरावले गेले आणि पुस्तकांतला ब्राऊनही बदलला. जेम्स लोवेन या समाजशास्त्रज्ञाने १९९५ साली शालेय पाठ्यपुस्तकांबद्दलचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा : १८९० पूर्वी ब्राऊन शहाणा होता, १८९० ते १९७० पर्यंत वेडा होता, नंतर हळूहळू शुद्धीवर आला! मेलेल्या माणसाचे डोके कसे बिघडेल? बदलली ती काळ्या माणसाची समाजातली जागा. ॲलन नेव्हिन्ससारख्या नामवंत इतिहासकारानेही १९५० साली ब्राऊनला मनोरुग्ण ठरवताना त्या जुन्या शपथपत्रांचा आधार घेतला. जीव वाचवण्यासाठी लिहिलेला कागद रोगाचा दाखला झाला.

वेगळे लिहिणारेही होते. काळे विद्वान डू बॉइस यांनी १९०९ सालच्या चरित्रात ब्राऊनचे मोल काळ्या माणसाच्या बाजूने मोजले. नागरी हक्कांच्या लढ्यानंतर, १९७० मध्ये स्टीफन ओट्स यांनी वेडाचा तो पुरावा पुन्हा तपासला आणि तो लंगडा ठरवला.

म्हणून ब्राऊनला देव करायचे का? नाही. मे १८५६ मध्ये कॅन्ससमध्ये त्याच्या टोळीने गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घरातून ओढून काढून ठार केले. हार्पर्स फेरीला पहिला बळी पडला तो हेवर्ड शेफर्ड. तो मालक नव्हता, सैनिकही नव्हता. तो रेल्वे स्टेशनवर सामान हाताळणारा स्वतंत्र काळा कामगार होता. ब्राऊनच्या माणसांच्या गोळीने तो गेला. काळ्यांच्या मुक्तीसाठी निघालेल्यांच्या हातून हे घडले. ब्राऊनच्या चाहत्यांनी हे झाकता कामा नये.

पण दुसऱ्या बाजूने काय केले? १९३१ साली दक्षिणेच्या जुन्या बंडखोर पक्षाचा अभिमान बाळगणाऱ्या संघटनांनी शेफर्डच्या नावाने हार्पर्स फेरीत शिळा उभारली आणि मालकांशी इमान राखणाऱ्या काळ्यांचा नमुना म्हणून त्याला गौरवले. शेफर्ड तर कोणाचा गुलामच नव्हता. त्याला काय वाटत होते हे सांगायला तो उरला नव्हता. त्याच्या तोंडी इमान घातले ते इतरांनी.

मित्रहो, लढणाऱ्याला माथेफिरू म्हणायचे आणि मेलेल्या कामगाराला इमानी म्हणायचे, या एकाच कारखान्यातल्या दोन वस्तू आहेत. पुस्तक हाती घेतले की तीन प्रश्न विचारा : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणत्या कागदावरून? आणि आपल्या शाखेची इतिवृत्ते, पत्रके, बडतर्फीच्या नोटिसा रद्दीत घालू नका. आपण जपले नाही, तर आपल्याबद्दलही दुसरेच लिहितील.