विहाराची किल्ली कोणाकडे?

(विहाराच्या वर्धापनदिनी इंझोरी येथे दिलेले भाषण. बोललो तसेच लिहून काढले आहे, थोडे इकडचे तिकडे केले असेल.)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून मी बोलायला उभा आहे. मी प्राध्यापक नाही. शिक्षण नववी नापास. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तीस वर्षे तुटलेले धागे जोडतो आहे. रात्रपाळी सुटली की वाचनालयात बसायचो आणि हाती लागेल ते वाचायचो, तेवढीच आमची विद्या. समितीने पत्रात विषय दिला, 'धम्म चळवळ आणि संघटना'. विषय मोठा आहे. मी तो एका किल्लीवर आणून ठेवणार आहे.

जर्मनीत मॅक्स वेबर नावाचे एक मोठे विद्वान होऊन गेले, १९२० साली वारले. त्यांचे एक म्हणणे मला पटले, ते माझ्या भाषेत सांगतो. एखाद्या थोर माणसाच्या तेजाने लोक गोळा होतात. तो माणूस गेला की ते तेज ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडतो. कोणी ते वारसात ठेवतो, कोणी पदात, कोणी नियमात, कोणी ग्रंथात. आता ठेवायचे म्हटले की कपाट आले, आणि कपाट आले की किल्ली आली. ही कपाटाची गोष्ट माझी बरं का, वेबर साहेबांची नाही.

आपल्यावर हा प्रश्न फार लवकर आला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मध्ये फक्त ५३ दिवस. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या वेळीच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली. म्हणजे लोक रडत होते आणि धम्मही घेत होते. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास, आणि १९६१ मध्ये जवळजवळ २८ लाख! २०११ च्या मोजणीत ६५ लाखांवर. पण या २८ लाखांना शिकवायला भिक्खू किती होते? गावोगावी आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, पहिल्यांदा चीवरातला माणूस कधी पाहिला म्हणून.

बाबासाहेबांना हे आधीच दिसले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी एक गोष्ट फार स्पष्ट मांडली आहे. पूर्वी संघात येणाऱ्या भिक्खूला दीक्षा होती, पण घरदार सांभाळून धम्म पाळणाऱ्याला वेगळी दीक्षा नव्हती. त्यामुळे तो आज इकडे, उद्या तिकडे जाई. भारतात धम्म लयाला जाण्याचे हे एक कारण, असे ते म्हणतात. म्हणून तर नागपूरला पूज्य चंद्रमणी महास्थवीरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी स्वतः लोकांना दिली, २२ प्रतिज्ञांसह. गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा दिली! धर्माच्या इतिहासात ही साधी गोष्ट नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ४ मे १९५५ ला, भारतीय बौद्ध महासभा त्यांनी काढली होती, तीही गृहस्थांची.

या महासभेने एक काम असे केले की त्याचे मोल आपण विसरतो. बौद्धाचार्य तयार केले. गिरणीत बॉबिन उचलणारा माणूस रविवारी पांढरा सदरा घालून लग्न लावू लागला. भटाशिवाय लग्न ही वाट जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ नंतरच दाखवली होती. नाव ठेवणे, लग्न आणि माती, ही तीन कामे जो धर्म स्वतःच्या माणसांकडून करून घेऊ शकत नाही, तो धर्म चार शिकलेल्यांच्या बैठकीत राहतो. आपला राहिला नाही, याला कारण हे बौद्धाचार्य.

त्यानंतर दुसऱ्या वाटा आल्या. गोयंका गुरुजी १९६९ साली ब्रह्मदेशातून आले, इगतपुरीला १९७६ मध्ये धम्मगिरी सुरू झाली. तिथे फी नाही, धर्म बदला असेही कोणी म्हणत नाही, दहा दिवस या, मौन पाळा, जा. मी गेलो आहे. लोक विचारतात, न बोलता दहा दिवस कसे काढले? अहो, रिंग फ्रेमच्या खात्यात आम्ही आयुष्यभर खुणांनीच बोललो! मला त्रास झाला तो रजेचा. ज्याचा पगार हजेरीवर, त्याला दहा दिवस फुकटचे नसतात.

तिसरी वाट इंग्रज भिक्खू संघरक्षितांची. बाबासाहेब गेले त्या दिवशी ते नागपुरात होते, आणि पुढचे चार दिवस सभांमागून सभा घेऊन त्यांनी लोकांना धीर दिला. पुढे १९६७ साली लंडनला त्यांनी संघ काढला. १९७८ मध्ये त्यांचे शिष्य लोकमित्र पुण्यात येऊन राहिले आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा झाला; २०१० पासून त्याला त्रिरत्न म्हणतात. त्यांचे धम्मचारी ना पूर्ण भिक्खू, ना नुसते गृहस्थ. वर्षानुवर्षे शिबिरे केल्यावर दीक्षा. काही मंडळी त्यांना 'परदेशी' म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांच्या वसतिगृहांत आपली मुले शिकली आहेत. पण एक खरे, तिथे पोचायला वेळ लागतो, आणि वेळ ही श्रीमंताची वस्तू आहे.

तर महासभा संस्कार देते, इगतपुरी साधना देते, त्रिरत्न संगत देते. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला माझ्या मायने जायचे कुठे? तिच्यासाठी गल्लीतले विहारच. आणि आम्ही तेच बंद केले.

हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. गिरणीच्या वस्तीत आमचे विहार पगाराच्या दिवशी गेटवर पावतीपुस्तक घेऊन, पाच-पाच रुपये गोळा करून बांधलेले. ट्रस्टची नोंदणी केली. पुढे दोन गट पडले. भांडण धम्माचे नव्हते. एका गटाचा पक्ष वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, आणि सभागृहाच्या निधीच्या पाटीवर नाव कोणाचे यावरून ठिणगी पडली. दोन्ही गटांनी आपापली कार्यकारिणी निवडली आणि धर्मादाय कार्यालयात दोन चेंज रिपोर्ट गेले. एका गटाने दाराला कुलूप लावले. त्याच्यावर दुसऱ्या गटाने दुसरे लावले. बंधूंनो, ते दुसरे कुलूप माझ्या पैशाचे, आणि किल्ली माझ्या खिशात.

माझी माय याच इंझोरीची लेक. रोज पहाटे विहार झाडायची. कुलूप दिसले तर तिने ओटा झाडला, बंद दारासमोर बसून वंदना घेतली आणि घरी येऊन मला एवढेच म्हणाली, "बाबू, बुद्धाले कोंडून ठेवलं का रे तुमी?" मी तिला ट्रस्टचा कायदा समजावत बसलो. तीन वर्षे दार बंद होते. पण वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बाया ओट्यावर बसून बाबासाहेबांचा ग्रंथ वाचत. पावसात वरती मेणकापड धरत. त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हते, सातवीतल्या पोरी वाचून दाखवायच्या. दोन्ही गटांच्या घरच्या बाया तिथे एकत्र बसत आणि आम्ही मर्द रस्त्याच्या दोन बाजूंना उभे! तिसऱ्या वर्षी मी माझे कुलूप काढले. मोठेपणा नाही, मायसमोर रोज जाववत नव्हते. दुसरे कुलूप निघायला आणखी पाच महिने लागले. तोवर माय अंथरुणाला खिळली होती.

आपल्याच जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. दिगंबर आणि श्वेतांबर, दोघेही त्याच मूर्तीला मानतात. पण वादापायी ते १९८१ पासून कुलपात होते, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. तीन वर्षे कुलूप लावणारा मी, मी कोणाला हसू?

आज आपण बोधगयेच्या महाबोधी विहाराचा ताबा मागतो आहोत. १९४९ च्या कायद्याने तिथल्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि वर अध्यक्ष जिल्हाधिकारी. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे भिक्खू उपोषणाला बसले, इकडेही मोर्चे निघाले, मीही घोषणा दिल्या. मागणी न्यायाची आहे. पण घोषणा देताना खिशातली ती जुनी किल्ली मला टोचत होती. उद्या ताबा मिळाला, तर आम्ही तिथे किती चेंज रिपोर्ट टाकू?

आणखी एक. आपल्या आज्याने धम्म घेतला, आपल्याला तो मिळाला. घेणाऱ्याने देव नदीत सोडले, गावकीची कामे सोडली, मार खाल्ला. आपण दाखल्यावर लिहिलेले वाचतो. माझा मुलगा विचारतो, "बाबा, विहारात जाऊन करायचं काय?" त्याला १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि १४ ऑक्टोबर एवढेच दिवस माहीत. उरलेल्या दिवशी दार बंद असले, तर त्याचा प्रश्न बरोबरच आहे.

इंझोरीकरांनो, जेवणानंतर तुमच्या समितीची निवड आहे असे कळले. भाचा म्हणून तीन गोष्टी मागतो. वर्षावासात ग्रंथ वाचणाऱ्या दोन बाया कार्यकारिणीत घ्या, नुसत्या सहीपुरत्या नको. चेंज रिपोर्ट ९० दिवसांच्या आत द्या आणि एकच द्या. आणि किल्ल्या तीन करा: एक समितीकडे, एक ग्रंथ वाचणाऱ्या बायांकडे, एक अभ्यासाला बसणाऱ्या पोरांकडे. तिसरी किल्ली हरवली तर नवीन करून घ्यायचे पैसे मी देतो, ते आजच अध्यक्षांकडे ठेवले आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.