वसुबारस आणि वाघबारस
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



परमुलखातल्या दिवाळीविषयी मी बोलावे, असा चिटणीसबाईंचा हुकूम आहे. मी सांगलीकडची. लग्नानंतर बोईसरला आले, यजमानांची नोकरी नवी, रजा नव्हती, म्हणून पहिली दिवाळी इथेच झाली. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, मागोमाग कारखाने आले, आणि आपल्या गावात साऱ्या हिंदुस्थानची माणसे राहायला आली. आमच्या जिन्यावर शेजारी तमिळ मामी, समोर गुजराती कुटुंब, वर बिहारचे.

नरकचतुर्दशीला पहाटे उठले तो मामींच्या घरी आमच्याआधीच दिवा! त्यांचेही त्याच दिवशी, उजाडण्यापूर्वी, तेल लावून स्नान. भेटेल त्याला त्या विचारतात, "गंगास्नान झाले का?" मग पहिला घास लेह्याचा, म्हणजे फराळ पचावा म्हणून आधीच औषध! हा शहाणपणा आपण उचलायला हरकत नाही. पाडव्याला समोरच्यांचे नवे वर्ष. पहाटे दारावर 'सबरस' म्हणून मीठ विकायला येते, ते त्या शकुनाचे म्हणून घेतात. वरच्या वहिनींची दिवाळी तर आपली आवराआवर झाल्यावर ऐन भरात येते. कार्तिक शुद्ध षष्ठीला त्या छठ करतात, पाण्यात उभे राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि दुसऱ्या सकाळी उगवत्याला, तोवर पाण्याचा थेंब नाही.

भाऊबीजेला मात्र मला रडू आले. भावाला यायला जमत नव्हते. रिवाजाप्रमाणे चंद्राला ओवाळावे म्हणून निरांजन घेऊन गच्चीत निघाले, तेव्हा मामींनी "हे काय?" म्हणून विचारले. त्यांच्याकडे भाऊबीज नाही. सांगितले, तशी त्यांनी आपल्या कॉलेजातल्या मुलाला हाताला धरून पाटावर आणून बसवले. त्याने ओवाळणीत आपले फाउंटन पेन टाकले. अजून आहे माझ्याकडे.

पण भगिनींनो, या सगळ्या बाहेरून आलेल्यांच्या गोष्टी झाल्या. परमुलूख परमुलूख म्हणतो, तो कोणाचा तरी स्वतःचा मुलूख आहे ना? आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या वारली बायकांची दिवाळी कशी असते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

अश्विन वद्य द्वादशीला आपण गाय-वासराची पूजा करतो. त्या दिवशी दूध नाही, गहू नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्याच तिथीला पाड्यावर वाघबारस असते. शिवेवर लाकडाचा किंवा दगडाचा वाघदेव असतो, वर चंद्र-सूर्य कोरलेले. त्याला शेंदूर लावायचा आणि मागायचे, की आमची गुरे राख. आपण गाईला पुजतो, ते वाघाला, आणि मागणे दोघांचे गाईसाठीच! ज्यांच्या दारामागे खरेच रान होते त्यांना, कोणाला राजी ठेवावे लागते, हे आपल्यापेक्षा अधिक कळले, असे मला वाटते. पुढे नव्या भाताचे जेवण, उकडलेल्या चवळीच्या शेंगा, करांदे, पानात वाफवलेली काकडीची भाकर, आणि रात्री तारप्याभोवती नाच. चिवडा-चकलीवाचून काही अडत नाही.

आता थोडे कडू बोलते. दर दिवाळीला आपल्यात एक तक्रार ऐकू येते, "ऐन कामाच्या दिवसांत बाई दांडी मारते." जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची किती घरे दिवाळी उरकली की वीटभट्टीवर जातात, ठाऊक आहे ना? भिवंडीकडे, वसईकडे, मुलाबाळांसह. कित्येक जण पुन्हा भेटतात ते होळीला. म्हणजे वाघबारस ते भाऊबीज एवढेच दिवस भाऊ, बहीण, आईबाप एका अंगणात असतात. आपली बाई ज्या चार दिवसांसाठी जाते, ते हे. माझ्या डोळ्यांत भाऊबीजेला पाणी आले, तेव्हा मामींनी मुलगा आणून बसवला. तिने भांडी घासायला यावे, असे आपण म्हणायचे?

म्हणून माझी सूचना अशी आहे, की मंडळाच्या सभासदांनी द्वादशीपासून भाऊबीजेपर्यंत बाईला भरपगारी सुट्टी द्यावी, आणि ती दसऱ्यालाच सांगून टाकावी, म्हणजे तिला मागायची पाळी येणार नाही. दुसरे, पाड्यावर फराळाची पाकिटे वाटून, छायाचित्र काढून परत येण्याचा कार्यक्रम यंदा नको. ज्यांचा सण आहे त्यांच्याकडे बोलावल्यावर पाहुण्यासारखे जावे, जमिनीवर बसावे आणि वाढतील ते खावे. "त्यांच्याकडचे पाणी चालेल ना?" असे मला एकीने हळूच विचारले. ज्या हातांनी आपली ताटे घासलेली चालतात, त्या हातांचे पाणी न चालायला काय झाले?

आमच्या बाईला मी विचारले, "येताना काय आणू?" ती म्हणाली, "काय नको ताई. पण उजेडी येऊन पळू नका, रातच्याला थांबा. तारपा रातीच वाजतो." परतीच्या वाहनाची सोय आमच्याकडून होईल. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.